एक ठिपका, एक गुंठा: उपग्रहचित्रातून उजनीचे पाणी मोजायला शिकवताना

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना उपग्रहचित्र दाखवले, की ते आधी आपले घर शोधतात. त्यांना शोधू द्यावे. मात्र त्यानंतर लगेच हे चित्र म्हणजे छायाचित्र नसून आकड्यांचा तक्ता आहे, हे त्यांच्या मनात रुजवावे, कारण पुढचे सारे काम त्या एका समजुतीवर उभे आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. शेतकऱ्याच्या मुलाला पिक्सेल ही कल्पना समजावण्यासाठी याहून सोपा दाखला मला सापडलेला नाही.

शाळांसाठी युरोपीय अवकाश संस्थेने उपग्रहचित्रे हाताळण्याची लिओवर्क्स नावाची संगणक प्रणाली मोफत उपलब्ध करून दिली होती. तरीही मी क्यूजीआयएस ही त्याच कामाची दुसरी प्रणाली सुचवेन. तीही मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते आणि विद्यार्थ्याला पुढे महाविद्यालयात किंवा नोकरीतही उपयोगी पडते. चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर खाते उघडून विनामूल्य उतरवता येतात.

हे काम शिक्षकाने आधीच घरी करून ठेवावे. चित्राचा एक संपूर्ण तुकडा सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद असतो आणि त्याची फाईल शाळेतल्या जुन्या संगणकांना पेलत नाही. म्हणून मे २०२४ आणि नोव्हेंबर २०२४ मधली प्रत्येकी एक निरभ्र तारीख निवडावी. त्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ्यात, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याच्याही खाली, गेले होते आणि पावसाळ्यात ते भरले, त्यामुळे दोन चित्रांतला फरक नजरेत भरतो. लेव्हल-२ए प्रकारच्या, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेल्या, फाईलमधले १० मीटरचे तीन बँड, म्हणजे एकेका प्रकारच्या प्रकाशाची वेगळी चित्रे, घ्यावेत: हिरवा म्हणजे बी०३, लाल म्हणजे बी०४ आणि लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त म्हणजे बी०८. क्यूजीआयएसमधले ‘क्लिप रास्टर बाय एक्स्टेंट’ हे साधन वापरून त्यांतून धरणाच्या फुगवट्यावरच्या भिगवण-पळसदेव परिसराचा भाग कापून घ्यावा. दोन्ही तारखांसाठी कापणीची चौकट तंतोतंत एकच हवी, नाहीतर पुढची तुलना व्यर्थ ठरते.

पहिला तास संगणकाविना घ्यावा. बी०८ मधल्या काठाजवळच्या दहा ओळी आणि दहा रकान्यांचे आकडे कागदावर छापून द्यावेत व लहान आकड्यांचे चौकोन गडद, मोठ्यांचे फिके रंगवायला सांगावे. पाणी निकट-अवरक्त प्रकाश जवळपास सगळा शोषून घेते, तर उसाचे हिरवे पान तो मोठ्या प्रमाणात परत फेकते. त्यामुळे कागदावर काठाची रेषा आपोआप उमटते. ती रेषा स्वतःच्या हाताने उमटलेली पाहणे हाच या पाठाचा गाभा आहे आणि त्यासाठी पूर्ण तास गेला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे.

दुसऱ्या तासाला तेच बँड क्यूजीआयएसमध्ये उघडून ‘आयडेंटिफाय’ या साधनाने पाणी, ऊस आणि उघडी जमीन यांवर टिचकी मारून आकडे वहीत लिहून घ्यावेत. मग ‘बिल्ड व्हर्च्युअल रास्टर’ने तिन्ही बँड एकत्र करून बी०८ ला लाल, बी०४ ला हिरवा आणि बी०३ ला निळा रंग द्यावा. ऊस लालभडक दिसेल आणि असे का, हा प्रश्न वर्गातून येईलच. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाला आपण लाल रंग उसना दिला आहे, हे उत्तर शक्यतो विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.

मोजणीसाठी ‘रास्टर कॅल्क्युलेटर’मध्ये एकच अट लिहावी: बी०३ हा बी०८ पेक्षा मोठा. अट खरी असेल तेथे १ आणि नसेल तेथे ० असे नवे चित्र तयार होते. पाण्याचा प्रचलित निर्देशांक, म्हणजे हिरवा वजा निकट-अवरक्त भागिले त्या दोहोंची बेरीज, शून्याहून अधिक असणे म्हणजे हीच अट होय. सूत्र नंतर सांगितले तरी चालते. ‘रास्टर लेयर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट’ हे साधन १ असलेले ठिपके मोजून देते. ती संख्या म्हणजे जवळजवळ गुंठे, आणि ४० ने भागले की एकर. मे आणि नोव्हेंबरची वजाबाकी विद्यार्थ्यांनी हातानेच करावी.

आलेल्या उत्तरावर मात्र लगेच विश्वास ठेवू देऊ नये. पाण्यावर जलपर्णी पसरली असेल, तर ती पिकासारखी चमकते आणि ते पाणी मोजणीतून निसटते. ढगांच्या आणि टेकड्यांच्या सावल्या उलट पाणी असल्याचा भास निर्माण करतात. अशा जागा चित्रात हेरून त्यांतली एखादी प्रत्यक्ष पाहून यावी. पाणी ओसरलेल्या काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो, म्हणून विद्यार्थ्यांना गाळपेरात, म्हणजे ओसरलेल्या पाण्याखालच्या गाळात केलेल्या शेतीत, उतरू न देता रस्त्यावरून किंवा पुलावरूनच निरीक्षण करावे.

गृहपाठ म्हणून गावातले ३० मीटर लांब-रुंद शेततळे शोधायला द्यावे. नऊ ठिपके मिळतील अशी अपेक्षा असते, पण तळ्याच्या कडा ठिपक्यांच्या जाळीशी जुळत नसल्या, तर जेमतेम चारच ठिपके निखळ पाण्याचे निघतात आणि भोवतालच्या बारांमध्ये पाणी व बांध यांची सरमिसळ असते. त्या बारा ठिपक्यांचे आकडे पाणी आणि जमीन यांच्या मधलेच का येतात, हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहून आणावे.