जेट इंजिनाच्या कंबस्टरमध्ये (ज्वलनकक्षात) इंधन-हवा मिसळताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडते ती सरासरीवर विसंबण्याची चूक. एक किलो जेट इंधन पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ज्योत थंड राहावी म्हणून आपण २४ किलो दिली, तर आकडेमोडीत सगळे सुरक्षित दिसते. पण निम्म्या हवेत किलोभर इंधनामागे १८ किलो हवा आणि उरलेल्या निम्म्या हवेत ३६ किलो असेल, तरी सरासरी २४च येते! साधारण १८०० केल्विनच्या वर नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू झपाट्याने वाढतात, त्यामुळे १८चा दाट (तुलनेने जास्त इंधनाचा) पट्टाच सगळा निकाल बिघडवतो. ३६च्या पातळ पट्ट्यात, विशेषतः इंजिन कमी ताकदीवर असताना, जळण अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड निघतो. म्हणून चाचणीत सरासरीपेक्षा चढउतार मोजा.

मग मिसळायला लांब नळी देऊ, असा विचार लगेच सुचतो. इथे जपून! कॉम्प्रेसरमधून येणारी हवा पूर्ण ताकदीवर ८०० केल्विनच्याही वर तापलेली असू शकते. एवढ्या तापमानाला आणि दाबाला इंधनाची वाफ काही मिलिसेकंदांतच आपोआप पेटू शकते. शिवाय भिंतीलगत हवा मंद असेल, तर ज्योत तिथून मागे सरकून नोझलच (इंधन फवारणारे तोंड) जाळते. लांबी वाढवण्याऐवजी इंधन अनेक बारीक छिद्रांतून हवेच्या झोतात आडवे सोडणे मला जास्त भरवशाचे वाटते. जीई कंपनीच्या जीईएनएक्स या विमान-इंजिनातल्या टॅप्स नावाच्या कंबस्टरची मुख्य इंधनफवारणी याच वाटेने जाते.

दाट मिश्रण (हवेच्या मानाने इंधन जास्त असलेले) आधी जाळून मग हवा घालणाऱ्या कंबस्टरमध्येही सुटका नाही. दाटाकडून पातळाकडे जाताना मिश्रण सर्वांत तप्त टप्प्यातून जातेच, तिथे ते रेंगाळता कामा नये.

फवाऱ्याची तपासणी फक्त वातावरणीय दाबावर उरकू नका. भोवतालचा दाब वाढला की साध्या प्रेशर-स्वर्ल नोझलच्या (दाबाने इंधन गरगरवून फवारणाऱ्या) फवाऱ्याचा शंकू आकसतो आणि इंधन मधेच दाटते.

कंबस्टर आवाज करत घुमू लागला, तर इंधनाच्या प्रवाहातली स्पंदने पाहा. दाब वाढतो त्याच क्षणी उष्णताही जास्त सुटत असेल, तर कंपन पोसले जाते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने हे १९व्या शतकातच मांडले होते.

टर्बाइनच्या एखाद्याच स्थिर पात्यावर जळका पट्टा दिसला, तर रचनेत हात घालण्याआधी त्यासमोरचे नोझल काढून प्रवाह मोजा. इंधन तापून आत साचलेला कोक (कार्बनचा कडक थर) बहुधा तिथेच सापडतो.