डिस्क बदलण्याआधी कर्नलचे संदेश वाचा

लिनक्स सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे असते की, यंत्र बिघडले म्हणून ते लगेच रीस्टार्ट करू नये. ‘डीमेसेज’ ही आज्ञा जे संदेश दाखवते, ते कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, मेमरीतील मर्यादित जागेत ठेवलेले असतात आणि रीस्टार्ट होताच नाहीसे होतात. सिस्टिमच्या साठवलेल्या नोंदी, म्हणजे जर्नल, दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेला ‘के’ हा पर्याय दिला की फक्त कर्नलच्या नोंदी मिळतात, आणि ‘बी’पुढे उणे १ लिहिले की मागच्या बूटच्या (यंत्र मागच्या वेळी सुरू असतानाच्या), मात्र ‘/वार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरी नसेल, तर बऱ्याच सिस्टिमवर मूळ सेटिंगनुसार त्या नोंदीही रीस्टार्टनंतर उरत नाहीत. ती डिरेक्टरी आधीच आहे ना, हे पाहून ठेवावे.

नोंदी वाचताना शेवटची ओळ फसवी असते. आमच्या एका फाइल सर्व्हरवरील ईएक्सटी४ फाइल सिस्टिम अचानक ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचता येणारी) झाली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष त्याच ओळीवर खिळले आणि नवी डिस्क मागवण्याची भाषा सुरू झाली. वास्तविक तो परिणाम होता. बऱ्याच ओळी वर गेल्यावर त्याच डिस्कच्या एटीए त्रुटींची (डिस्कशी होणाऱ्या संवादातील त्रुटींची) मालिका सापडली आणि तिच्यात ‘आयसीआरसी’ हा शब्द पुन्हा पुन्हा आलेला होता. मधेच कर्नलने साटा जोडणीचा (डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातील जोडणीचा) वेगही कमी केला होता. तेथे ‘यूएनसी’ असते, तर डिस्कवरील सेक्टरच वाचता येत नाही, असा अर्थ झाला असता. ‘आयसीआरसी’ मात्र डेटा वाटेत बिघडल्याचे सांगते, म्हणून संशय आधी केबल आणि कनेक्टरवर घ्यायचा. डिस्कने स्वतःच ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदी वाचणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’नेही तेच दाखवले: ५ (बदलून घेतलेले सेक्टर) आणि १९७ (वाचता न आल्याने प्रलंबित सेक्टर) या क्रमांकांच्या नोंदी शून्यावर होत्या, १९९ची (डेटा वाटेत बिघडल्याच्या त्रुटी) वाढत होती. केबल बदलल्यावर ती वाढ थांबली. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलण्यापूर्वीचा आकडा टिपून ठेवला नाही, तर दोष गेला की राहिला, हे कळणे अवघड जाते.

यूएसबी उपकरणांच्या बाबतीत उणे ७१ (संवादातील चूक) आणि उणे ११० (वेळेत उत्तर न येणे) या त्रुटी वारंवार दिसतात. उपकरणाला नावे ठेवण्याआधी पोर्ट आणि केबल बदलून पाहावी.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे यंत्र बंद पडते आणि लॉगमध्ये काहीच नसते. शटडाउनची एकही नोंद नसेल, तर वीजपुरवठा किंवा अतितापमान यांचा विचार आधी करावा. पण येथे एक मेख आहे. साधारण नोंदी डिस्कवर पक्क्या करण्यासाठी जर्नल मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपर्यंत थांबू शकते, म्हणून शेवटच्या काही नोंदी आल्या असूनही हरवलेल्या असू शकतात. शिवाय डिस्कच निकामी होत असेल, तर त्या लिहायच्या तरी कोठे? अशा यंत्रावर ‘नेटकन्सोल’ चालू करून कर्नलचे संदेश थेट नेटवर्कवरून शेजारच्या यंत्राकडे पाठवावेत आणि पुढच्या वेळी तेथे वाचावेत.