युवा परिषदेची तयारी पाण्यापासून

तालुक्याच्या गावी दोन दिवसांची युवा परिषद, शंभर-सव्वाशे मुलंमुली, विषय शांतता आणि मानवी हक्क. अशी परिषद ठरली की स्वागत समितीच्या पहिल्या बैठकीत वक्ते आणि बॅनर यांवरच वेळ जातो. माझं सांगणं असं, की पहिल्या बैठकीत पाण्याचं ठरवा. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा जमलेल्या माणसांसाठी 40 रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. चवदार तळं गावातच होतं, पण अस्पृश्य म्हणून त्याला हात लावायची त्यांना प्रत्यक्षात मुभा नव्हती. आपल्याकडच्या मानवी हक्कांच्या सर्वांत मोठ्या परिषदेची तयारी अशी झाली होती.

म्हणून पाण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. जार कुठून येणार, पिंपं कुठे ठेवणार, दुपारी संपलं तर कोणाला फोन करायचा, हे त्याला पाठ हवं. व्यासपीठावर सीलबंद बाटल्या आणि मुलांना नळ, असा भेद अजिबात करू नका. जेवणाचंही तसंच: पाहुण्यांसाठी वेगळी खोली नको, सगळे एका पंगतीत. जेवणाचा आकडा काढताना स्वयंपाकाच्या बाया, मांडववाले आणि संडास साफ करणारे कामगार आधी मोजा. त्यांची मजुरी आधी बोलून घ्या आणि परिषद संपेल त्याच संध्याकाळी हातात द्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं 24वं कलम विश्रांतीच्या हक्काचं आहे. पहाटे चारला चुलीपाशी उभी राहिलेली बाई रात्री अकराला भांडी घासत असेल, तर त्या कलमावर सत्र घ्यायचा आपल्याला अधिकार उरत नाही. स्वयंपाकाच्या दोन पाळ्या लावा. खर्च वाढेल, तेव्हा एक पाहुणा कमी बोलवा.

तारीख बहुतेक जण 10 डिसेंबर धरतात, कारण 1948 साली याच दिवशी पॅरिसमध्ये जाहीरनामा स्वीकारला गेला. पण कॉलेजच्या परीक्षांचं वेळापत्रक आधी पाहा, आणि एक गोष्ट विसरू नका: डिसेंबरात बीडकडची ऊसतोड कुटुंबं साखर कारखान्यांच्या तळावर कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, असतात. ज्यांच्या शाळेबद्दल, मजुरीबद्दल आपण बोलणार, ती पोरं गावात नसतात. तारीख हलवता येत नसेल तर आठवडाभर आधी दोघांनी जवळच्या तळावर जावं, मुकादमाला भेटावं, दोन-चार मुलामुलींना एक दिवस तरी आणता येईल का ते पाहावं. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडणार आहे, तो परिषदेच्या खर्चात धरा.

सभागृह पाहायला जाताना चाकाच्या खुर्चीवरच्या किंवा कुबड्या घेणाऱ्या मित्राला बरोबर न्या. आपल्याला न दिसलेल्या तीन पायऱ्या त्याला लगेच दिसतील. मुलींच्या संडासाला आतून कडी, पाणी, झाकणाचा डबा आणि सॅनिटरी पॅड हवेत. हे काम मुलग्यांनीही करावं, लाजायचं कारण नाही. नावनोंदणीच्या फॉर्मवर कोणाला सांकेतिक भाषेचा दुभाषा लागेल का, कोणती औषधं चालू आहेत, घरचा नंबर कोणता, हे विचारा. जात विचारू नका. 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. मुलींच्या घरी मात्र पत्र पाठवून भागत नाही, समक्ष जाऊन बसावं लागतं. मुक्कामाला कोण ताई असणार, शेवटची एसटी किती वाजता, हे आईला सांगितलं की निम्म्या अडचणी सुटतात. शेवटचं सत्र त्या एसटीच्या तासभर आधी संपवा. जागेची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्या, रात्री दहानंतर माईक बंद.

आता कार्यक्रमाचं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 9 डिसेंबर 2015 रोजी 2250 क्रमांकाचा ठराव केला. शांततेच्या कामात तरुणांना निर्णयात वाटा हवा, असं त्यात मांडलंय. मग आपल्या व्यासपीठावर साठीच्या पुढची पाच माणसं आणि खाली सतरंजीवर तरुण, हे कसं चालेल? सत्रांचं अध्यक्षपद मुलामुलींकडे द्या, मोठ्यांना 15 मिनिटं. जाहीरनाम्याच्या मराठी प्रती प्रत्येक गटाला द्या आणि पहिलं कलम मोठ्यानं वाचून घ्या. त्यात आधी ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघणारे शब्द होते. तिथे ‘सर्व मानव’ यावं म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या. एका शब्दासाठी भांडता येतं, हे मुलींना यातून कळतं. अत्याचार सोसलेल्या कोणाला बोलायला बोलवत असाल तर काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांनाच ठरवू द्या, फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय नको, आणि बोलून झाल्यावर कोणीतरी त्यांच्याजवळ बसलेलं असू द्या. तक्रार ऐकायला दोन माणसं नेमा, त्यातली एक बाई, आणि त्यांचे नंबर भिंतीवर लावा.

अफवेची तयारीही यादीत हवीच. महाडला परिषदेतल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. आज तीच अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांत गावभर जाते. संदेश पाहायला एक जण, पोलिसांशी बोलायला एक जण आणि मुलांना शांत बसवायला चार जण आधीच ठरवा. 112 नंबर सगळ्यांना माहीत हवा. गावातल्या सगळ्या मोहल्ल्यांतल्या चार मोठ्या माणसांना स्वतः जाऊन निमंत्रण द्या. डिसेंबर 1927मध्ये महाडला दुसऱ्या परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली होती.

शेवटी ठराव. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला, महाड नगरपालिकेनं 1924 साली तळं खुलं केलं, आणि तरी प्रत्यक्ष ओंजळ भरायला 1927 उजाडलं. त्यामुळे पंधरा ठराव करू नका, तीन करा. प्रत्येकापुढे दोन नावं आणि तारीख लिहा. प्रत ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात द्या आणि आवक शिक्क्याची पोच घेऊन ती नावनोंदणीच्या वहीतच चिकटवून ठेवा.