ॲम्बेसेडरचं इंजिन बांधताय? कॅमशाफ्ट बसवताना या चुका टाळा

ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन खोललं की सगळ्यांचं लक्ष बोअर, पिस्टन आणि क्रँककडे. कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, पुसायचा, तेल लावायचं, आत सरकवायचा, झालं. पण बांधलेलं इंजिन पहिल्या वीस मिनिटांत कशाने खराब होत असेल तर ते याच कामाने.

मी पहिलं इंजिन बांधलं तेव्हा कॅम नवा आणला, टॅपेट (कॅमवर टेकून वॉल्व्हकडे धक्का पोचवणारे ठोकळे) जुनेच ठेवले. दिसायला चकचकीत होते. मिस्त्री म्हणाला, "व्हई जाई, दादा." धुळ्याहून चाळीसगावला जाऊन येतो न येतो तोच टिकटिक सुरू. वॉल्व्हचा गॅप दोनदा लावला, दोन्ही वेळा पुन्हा वाढला. साइड कव्हर उघडून टॅपेट उपसला तर तोंडाला वाटीसारखा खळगा, आणि कॅमवरच्या त्याच्या लोबचं (उंचवट्याचं) नाक झिजून गोल झालेलं. तो चुरा तेलातून मेन बेअरिंगपर्यंत पोचला होता. सगळं इंजिन पुन्हा खोलावं लागलं.

टॅपेटचं तोंड सपाट वाटतं, पण ते किंचित फुगीर असतं आणि लोबही किंचित उतरता असतो. म्हणूनच टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. जुन्याचा हा फुगीरपणा गेलेला असतो. एका टॅपेटच्या तोंडावर दुसऱ्याची बाजू टेकवून उजेडात धरा; उजेड कडांना न दिसता मधून दिसला तर तो बाद. नव्या कॅमला आठही टॅपेट नवेच घ्या. कॅम जुनाच ठेवणार असाल तर प्रत्येक टॅपेट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात गेला पाहिजे. मी अंड्यांच्या ट्रेवर नंबर टाकून ठेवतो.

नवे बुश (कॅम ज्यांत फिरतो त्या कड्या) ठोकल्यावर कॅम हाताने फिरत नसेल तर घासकागद मारत बसू नका. तिन्ही बुश एका रेषेत रीम करून (आतून तासून) घ्या. बुशचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलंय का, हे टॉर्च मारून बघा. रॉकरला (वरून वॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला) तेल इथूनच चढतं. आपला कापसाचा मुलूख, कॉटन वेस्ट कायम हाताशी. पण आतल्या भागाला ते लावू नका, त्याचा धागा तेलाच्या भोकात अडकतो.

कॅमची लोकेटिंग प्लेट लावल्यावर एंड प्ले (कॅमची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) तीन ते सात थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, हवा.

टायमिंगच्या दोन्ही चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणणं सोपं आहे. चूक होते ती डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग) बसवताना. चार नंबरचे दोन्ही वॉल्व्ह हलत असतील तेव्हा एक नंबर कॉम्प्रेशनवर असतो. त्याच जागी डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा रोटर एक नंबरच्या वायरकडे हवा. हे उलटं झालं की कार्ब्युरेटरमधून भडका येतो, आपण स्टार्टर मारत राहतो आणि बसवताना लोबवर लावलेली पेस्ट घासून निघून जाते.

म्हणून लोब आणि टॅपेटला मॉलिब्डेनमची पेस्ट भरपूर लावा, तेल भरपूर झिंक असलेलं भरा आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होईल अशी तयारी ठेवा. सुरू झालं की लगेच २००० आरपीएमच्या वर न्या आणि वीस मिनिटं खाली आणू नका, कारण लोबला तेल मिळतं ते क्रँकने उडवलेलं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात असतो. हे काम पहाटेच करा, रेडिएटरपुढे पंखा लावा. रॉकर कव्हर काढून पुश रॉडवर (टॅपेटवर उभ्या दांडीवर) मार्करने ठिपका द्या. ठिपका फिरत नसेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा.

नंतर तेल गरम असतानाच काढून त्यात चुंबक फिरवा. बारीक राखाडी लेप आला तर ठीक. चमकणारे कण आले तर साइड कव्हर उघडा.