याकोबाचं पत्र वाचून झालं, आता सोमवारी काय करायचं?

शास्त्र रोजच्या आयुष्यात लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघात अधूनमधून कोणीतरी विचारतंच आणि उत्तर बहुतेक वेळा "रोज वाचत जा, प्रार्थना करत जा" इथंच थांबतं. चुकीचं नाहीये ते. पण सोमवारी टीम लीड सगळ्यांसमोर काहीतरी लागेल असं बोलतो, किंवा रूममेट परत गॅसचे पैसे द्यायला विसरतो, तेव्हा या उत्तराचं करायचं काय? म्हणून मी इथं एकच पुस्तक घेऊन सांगते, बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र. अध्याय ५, वचनं १०८, मोठ्यानं वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतं आणि त्यात "हे करा, हे करू नका" अशा आज्ञा पन्नासच्या वर आहेत. परंपरेनं हा याकोब म्हणजे प्रभू येशूचा भाऊ, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी मोशेचं नियमशास्त्र पाळायचं का यावर मोठा वाद होतो, त्यात शेवटी बोलतो ना, तोच. माणूस एकदम थेट. मजुरी, जीभ, भांडणं, श्रीमंतांची हांजी हांजी, सगळं काढतो.

आता कोणीतरी म्हणणारच की अगं पण तारण तर विश्वासाने आहे, कामांनी नाही. हो, आहेच. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला पण याच कारणानं हे पत्र फारसं रुचलं नव्हतं, १५२२ सालच्या प्रस्तावनेत त्यानं याला चक्क गवताचं पत्र म्हटलं, पण बायबलमधून काढून नाही टाकलं, फक्त मागे नेऊन ठेवलं. इफिसकरांस पत्रात २:८-९ मध्ये कृपेने तारण आहे आणि लगेच पुढे १० मध्ये सत्कृत्यं करण्यासाठी आपल्याला घडवलंय असं आहे. दोन्ही वाचा आणि पुढे चला, यावर वाद घालत बसलो तर पुढचे सहा रविवार गेले समजा.

पहिलं काम, पत्र एका बैठकीत मोठ्यानं वाचून काढायचं, आणि मराठीत. इंग्लिश मीडियमवाल्यांनी पण मराठीत, कारण घरी भांडण मराठीतच होतं. फोनवर फुकट मराठी बायबल मिळतं, आजीचं काळं पवित्र शास्त्र कपाटात असेल तर अजून छान. वाचताना जिथं टोचेल तिथं पेन्सिलीची खूण करायची. आवडेल तिथं नाही हं, टोचेल तिथं.

दुसरं म्हणजे वचन सुटं उचलायचं नाही, आधीची दहा आणि नंतरची दहा वाचायची आणि हे कोण कोणाला सांगतंय ते बघायचं. यिर्मया २९:११ घ्या, ते "तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत" वालं, प्रत्येक दहावी-बारावीच्या रिझल्टला फिरतं. ते पत्र आहे बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना, आणि त्याच्या आधीच्याच वचनात लिहिलंय की परत यायला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेचसे ते बघायला जिवंतही राहणार नव्हते. मग तोवर त्यांनी करायचं काय? ते ५ ते ७ मध्ये आहे, घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आता नगरहून किंवा जालन्याहून नोकरीसाठी पुण्यात येऊन दिवसरात्र पुण्याला शिव्या घालणाऱ्या पोरापोरींना ११ पेक्षा हे ७ वं वचन जास्त कामाचं आहे की नाही सांगा. फिलिप्पैकरांस ४:१३ चं पण तेच, "मी सर्व काही करू शकतो" असं जिमच्या टीशर्टवर छापतात पण पौल ते कैदेत असताना लिहितोय आणि त्याच्या आधी म्हणतोय की पोट भरलेलं असो की उपाशी, दोन्हीत राहायला मी शिकलोय. बेंच प्रेसशी काही संबंध नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच बहुतेकांची गाडी अडकते. वचनाला एक माणूस आणि एक वेळ जोडायची. "मी रागावर ताबा ठेवेन" याला काही अर्थ नाही, ते सगळेच म्हणतात. "आज रात्री पप्पांचा फोन आला आणि त्यांनी परत सरकारी नोकरीचा विषय काढला तर त्यांचं पूर्ण बोलणं होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही" हे झालं याकोब १:१९. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. लक्षात घ्या सावकाश म्हटलंय, कधीच नाही असं नाही म्हटलं. व्हॉट्सॲपवर मी हे असं करते, राग आला की उत्तर चॅटमध्ये टाइपच करत नाही, नोट्समध्ये लिहिते, सकाळी चहा घेताना वाचते आणि मग ठरवते पाठवायचं की नाही. बऱ्याचदा अर्धं कापलं जातं. पण उरलेलं अर्धं पाठवायचं, गिळून नाही टाकायचं.

आता जिभेच्या शेजारीच एक छोटी गोष्ट आहे, ५:१२, शपथ वाहू नका, तुमचं हो ते हो आणि नाही ते नाही असू द्या. आपण दिवसातून किती वेळा "आईशप्पथ" म्हणतो बघा, आणि बहुतेक वेळा तेव्हाच जेव्हा समोरच्याचा आपल्यावर विश्वास बसत नसतो. "पाच मिनिटांत पोचतोय" असं घरून निघायच्या आधी म्हणणारे आणि क्वायर प्रॅक्टिसला "येतो येतो" म्हणून न येणारे, सगळे इथं येतात. आठवडाभर एवढंच करून बघा, जिथं जमणार नाही तिथं सरळ "नाही जमणार" म्हणा. मला तरी हे रागाच्या वचनापेक्षा जड गेलं.

पैशाचं वचन कोणी स्टेटसला ठेवत नाही. ५:४ मध्ये शेतात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय असं आहे, आणि याचं मूळ लेवीय १९:१३ मध्ये आहे, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको. आपण म्हणतो आपण कुठं शेतमालक आहोत. बरं, मग फ्लॅटवर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे पैसे कधी देता? आपला पगार १ तारखेला जमा होतो, फोनवरून पैसे पाठवायला अर्धा मिनिट लागतो आणि चौघांपैकी कोण कोणाला देणार यात ७-८ तारीख उजाडते, त्या माउली मागायला लाजतात म्हणून. हे वचन आयुष्यात लावायचं म्हणजे प्रार्थना नाहीये, फोनमध्ये १ तारखेचा रिमाइंडर आहे. आणि त्यांनी सुट्टी घेतली तर पैसे कापायचे का, हे चौघांनी बसून आधीच ठरवायचं, ऐनवेळी नाही.

२:१५-१६ तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. कोणाकडे कपडे नाहीत, खायला नाही, आणि तुम्ही त्याला म्हणता "सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव" आणि देत काहीच नाही, तर उपयोग काय? आपल्या ग्रुपवर कोणी टाकतं की आई ससूनला ॲडमिट आहे आणि खाली चाळीस हात जोडलेले इमोजी. प्रार्थना करूच नका असं मी म्हणत नाहीये, पण स्वतःला एक नियम लावा, "प्रार्थना करतोय" असं लिहिलं की त्याच मेसेजमध्ये एक करण्यासारखी गोष्ट लिहायची. उद्या रात्रीचा डबा मी आणतो. शनिवारी रात्री तिथं मी थांबतो, तू घरी जाऊन झोप. काहीच जमण्यासारखं नसेल तर निदान खासगीत फोन. "काही लागलं तर सांग" हे त्यात धरायचं नाही, कारण कोणी सांगत नसतं.

आणि मग दुसऱ्या अध्यायाची सुरुवात, जी आपल्या मंडळीत वाचली जाते पण त्यावर कोणी फार बोलत नाही. सोन्याची अंगठी घातलेला आला की "या साहेब, इथं बसा" आणि मळक्या कपड्यातला आला की "तू तिथं उभा राहा". आपल्याकडे अंगठी वेगवेगळ्या रूपात येते, अमेरिकेहून आलेला चुलत भाऊ असतो, इंग्लिशमध्ये प्रार्थना करणारी मुलगी असते. आणि लग्न जुळवायची वेळ आली की हळूच विचारलं जातं, "त्यांचे आजोबा आधी कोण होते?" आपल्यातल्या कितीतरी जणांचे पणजोबा-खापरपणजोबा नेमकं हेच सोडून ख्रिस्ताकडे आले होते. माझ्या मते पंचवीस वर्षांच्या मराठी ख्रिस्ती मुलानं किंवा मुलीनं या पत्रातली एकच गोष्ट लावायची असेल तर ही लावावी, आपलं स्थळ बघताना हा प्रश्न घरात कोणी विचारला तर तिथंच, आदर ठेवून, "आत्या, हे आपण विचारायचं नाही" असं म्हणायचं. अवघड आहे, आत्या रुसेल. सोपी सुरुवात हवी असेल तर या रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी वॉचमन काकांशी बोला, आणि "कसे आहात" च्या पुढे जा.

४:१३-१५ वर एक मिनिट, कारण एमपीएससीवाल्यांना ते फार भावतं. उद्या या शहरात जाऊ, व्यापार करू, पैसा कमवू म्हणणाऱ्यांना याकोब सांगतो की उद्याचं तुम्हाला माहीत नाही, प्रभूची इच्छा असेल तर असं म्हणा. यात प्लॅन करू नका असं कुठंही नाहीये. टाइमटेबल लावा, फॉर्म भरा, आणि दुसरा पर्यायही लिहून ठेवा. अभ्यास न करता "प्रभूची इच्छा" म्हणणं हे वेगळंच काहीतरी आहे.

काय करू नका ते पण सांगते. डोळे मिटून पान उघडून बोट ठेवायचं आणि तेच देवाचं उत्तर मानायचं, हे नको. गिदोनाची लोकर पण नको, त्यानं रात्री लोकर जमिनीवर ठेवून दव कुठं पडतं यावरून देवाकडे खूण मागितली होती तसं, म्हणजे "शुक्रवारपर्यंत एचआरचा फोन आला तर देवाची इच्छा" हे. शास्ते ६ नीट वाचलं तर कळतं की गिदोनाला काय करायचं ते देवानं आधीच सांगितलं होतं, लोकर त्यानं नंतर ठेवली, घाबरून. गोष्टीत एखाद्यानं काही केलं म्हणजे आपल्याला ती आज्ञा झाली असं नसतं.

आणि एक गंभीर. घरात किंवा नात्यात मारहाण होत असेल, कोणी नको तिथं हात लावत असेल, तर "क्षमा कर, सहन कर" ची वचनं दाखवून कोणी गप्प बसवत असेल तर गप्प बसू नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, पोलिसांत जा. क्षमा म्हणजे परत त्याच खोलीत जाणं नाही. तसंच ५:१४ मध्ये आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे पुढाऱ्यांनी, प्रार्थना करायची, तेल लावायचं असं आहे, त्यात औषध बंद करा असं नाही, मनाच्या आजाराचं पण नाही. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता, कलस्सैकरांस ४:१४.

हे सगळं एकट्यानं टिकत नाही. ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे, ते ग्रुपवर नाही करायचं, एकच माणूस शोधायचा जो पोटात ठेवेल. आठवड्यातून एकदा चहा, त्यानं फक्त विचारायचं, मावशींचे पैसे दिलेस का, पप्पांचं ऐकलंस का. वहीत तारीख, वचन, माणूस, झालं की नाही, एवढं लिहा. निबंध नको.

याकोब पचला की मत्तय ५ ते ७ घ्या, याकोबाची बरीच वाक्यं तिथूनच आल्यासारखी वाटतील. मग नीतिसूत्रे, अध्याय ३१ आहेत म्हणून तारखेप्रमाणे एकेक वाचता येतो, पण ती अनुभवाची सूत्रं आहेत, प्रत्येक वाक्य गॅरंटी म्हणून धरू नका. २७ तारखेला १४ वं वचन मात्र अवश्य वाचा, भल्या सकाळी उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणं हे त्याला शाप दिल्यासारखं धरलं जाईल असं आहे त्यात. पहाटे पाचला गुलाबाच्या फोटोवर वचन टाकून पाठवणाऱ्या काकांना फॉरवर्ड करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.