ॲडमिशन सेलमध्ये नोकरी धरण्याआधी

"मॅडम, मुलींची फी माफ झाली ना? मग आमच्याकडून एवढे पैसे कसले घेतले?"

डिसेंबर महिना होता. आमच्या कॉलेजच्या प्रवेश कक्षात, काउंटरसमोर एका मुलीचे वडील उभे होते. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, फीच्या पावत्या. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीच्या पोर्टलचा फॉर्म भरायला ते आले होते आणि आमच्या क्लार्कने त्यांना नुकतंच सांगितलं होतं, की मुलीचा प्रवेश संस्थास्तरावरचा, म्हणजे कॉलेजने आपल्या पातळीवर दिलेला आहे, तिला फीमाफीची योजना लागू होत नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. महत्त्वाची अट ही, की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्थास्तरावरचे प्रवेश त्यातून वगळले आहेत. ऑगस्टमध्ये पहिल्या राउंडला मुलीला काही मिळालं नाही म्हणून हेच गृहस्थ घाबरून आमच्याकडे आले होते. "पुढच्या राउंडच्या भानगडीत पडू नका, आत्ताच सीट पक्की करून टाका," असं त्यांना मीच म्हटलं होतं. त्या ब्रँचच्या जागा शेवटच्या राउंडनंतरही रिकाम्या राहिल्या. तिला तेच कॉलेज, तीच ब्रँच कॅपमधून मिळाली असती.

त्यांना मी एकही खोटा शब्द सांगितला नव्हता. त्या सीटवर सवलत मिळणार नाही, हे मात्र सांगितलं नाही. त्या आठवड्यात माझं टार्गेट पुरं होत आलं होतं. त्या माणसाने पावत्यांची घडी घातली, परत पिशवीत ठेवल्या आणि मुलीला घेऊन ते निघून गेले. मला त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही. यंदा एखाद्या इंजिनीअरिंग, फार्मसी किंवा एमबीए कॉलेजच्या प्रवेश कक्षात रुजू होणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं असतं, तर तो डिसेंबर आला नसता.

मी मुळात लेक्चरर. खासगी विनाअनुदानित कॉलेजात उन्हाळा लागला की लेक्चररच्या हातात खडूऐवजी बारावीच्या मुलांची यादी येते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माणशी दहा ॲडमिशन. रोज वीस फोन, संध्याकाळी फॉलोअपची शीट, शनिवारी गावोगाव घरभेटी. टार्गेट पुरं झालं नाही तर पगार लांबतो किंवा इन्क्रिमेंट अडकतं. म्हणून मुलाखतीतच विचारा: पगार ठरलेला आहे, की ॲडमिशनवर अवलंबून? उत्तर नेमणूकपत्रात लिहून मागा. प्रत्येक प्रवेशामागे पैसे मिळू लागले, की समोरच्या मुलाचं भलं आणि आपला घरखर्च आमनेसामने येतात, आणि महिनाअखेरीला घरखर्चच जिंकतो. अमेरिकेत हा धडा फार महागात शिकले. तिथे करिअर कॉलेज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बऱ्याचदा नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था आहेत. सरकारी विद्यार्थी-कर्जाचा पैसा घेणाऱ्या कॉलेजांना प्रवेशावर कमिशन देण्याची बंदी १९९२ पासून आहे. तरी कोरिंथियन कॉलेजेस या साखळीने नोकऱ्यांचे फुगवलेले आकडे दाखवून मुलं भरली. एप्रिल २०१५ मध्ये ती बंद पडली आणि पुढे २०२२ मध्ये तिथल्या सुमारे ५ लाख ६० हजार कर्जदारांचं कर्ज सरकारला माफ करावं लागलं.

आपल्याकडे कायदा कमी नाही. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा महाराष्ट्राचा कायदा १९८७ चा. खासगी व्यावसायिक कॉलेजांचे प्रवेश आणि फी यांचं नियमन करणारा कायदा २०१५ चा. त्यानुसार प्रवेश नियामक प्राधिकरण आणि शुल्क नियामक प्राधिकरण अशी दोन प्राधिकरणं आहेत. कॉलेजची त्या वर्षीची फी शुल्क प्राधिकरण ठरवतं, त्याचा आदेश निघतो. रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी तो आदेश, एआयसीटीईचं (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) त्या वर्षीचं मान्यतापत्र, विद्यापीठाचं संलग्नतेचं पत्र आणि सीईटी सेलची (कॅप चालवणारा राज्याचा कक्ष) माहितीपुस्तिका, एवढे कागद मागून घ्या. पुस्तिका दर वर्षी नव्याने वाचायची. राउंड किती, कितव्या पसंतीला सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, हे बदलत राहतं. गेल्या वर्षीच्या आठवणीवर सल्ला दिला, की एखाद्याची सीट जाते.

आदेशात नसलेली रक्कम कोणत्याही नावाने मागितली जात असेल, तर ती तुमच्या तोंडून जाता कामा नये. "डेव्हलपमेंटसाठी थोडं वेगळं द्यावं लागेल, सरांना भेटा," हे वाक्य पालकांपर्यंत पोचवायला नव्या पोरांनाच पुढे करतात. मला एकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, ईमेलवर लिहून द्या, मी तसंच्या तसं पालकांना पाठवते. ईमेल आली नाही, आणि मला पुन्हा कुणी ते सांगितलं नाही.

पालकांशी बोलताना सवलतीचंही पूर्ण सांगायचं. बॅनरवर 'मुलींना मोफत शिक्षण' लिहिलेलं असतं. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. हॉस्टेल, मेस, बस यांचे पैसे भरावेच लागतात. शिवाय ही योजना खासगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना लागू नाही. तुम्ही तिथे नोकरीला असलात, तर हे तुम्हीच सांगा. एरवी त्या घराला ते पहिल्या हप्त्याला कळेल.

आता लॉगिनबद्दल. ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट सवय. गावाकडून आलेला मुलगा मोबाइल पुढे करतो, "सर, तुम्हीच भरा ना." फॉर्म भरून देणं ही मदत झाली. पण पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवणं, ओटीपी फोनवर मागून घेणं, पसंतीक्रमात आपलं कॉलेज पहिल्या नंबरवर सरकवणं, ही त्या मुलाची फसवणूक आहे, मग त्याला कुणी 'सर्व्हिस' म्हणो. मी आता मुलाला खुर्चीवर बसवते, माउस त्याच्या हातात देते आणि स्वतः शेजारी उभी राहते. वीस मिनिटांच्या जागी तासभर जातो. फॉर्म सबमिट झाला की प्रिंट काढून पसंतीक्रम आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवायला लावते. एकदा एका आईने तिथेच थांबवलं, "अरे, हे तिसऱ्या नंबरचं कॉलेज तर सोलापूरला आहे, तू तर पुणं म्हणालास." लिस्ट पुन्हा भरली.

मूळ कागदपत्रं कधीही अडकवून ठेवू नका. एलसी आणि गुणपत्रिका तपासायच्या, प्रती घ्यायच्या, मूळ परत द्यायच्या. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई दोघांचंही यावर स्पष्ट म्हणणं आहे. एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू होण्याआधी मुलाने प्रवेश रद्द केला, तर जास्तीत जास्त १ हजार रुपये कापून बाकी सगळी फी परत करायची. दुसऱ्या कॉलेजात नंबर लागलेला मुलगा रडवेला होऊन येतो आणि आत बसलेले म्हणतात, "पूर्ण वर्षाची फी भर, मग एलसी ने." तेव्हा काउंटरवर तुम्हीच असणार आहात. नियमाची प्रिंट ड्रॉवरमध्ये ठेवा.

प्लेसमेंटच्या आकड्याबद्दल थोडक्यात. 'शंभर टक्के' असं छापलेलं दिसलं, की टीपीओकडे, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे जाऊन नावांची यादी मागा. मी मागितली तेव्हा एकाच मुलाची तीन ऑफर लेटर तीन जणांची म्हणून मोजलेली होती. हायेस्ट पॅकेज एकाचं असतं. पालकांनी विचारलं तर पगाराच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला किती मिळालं ते सांगा. यादी मिळाली नाही, तर तो आकडा तोंडी सांगू नका.

आणि तुम्ही नर्सिंग किंवा पॅरामेडिकलच्या संस्थेत जाणार असाल तर जास्तच जपून. नर्सिंगचे एएनएम आणि जीएनएम हे डिप्लोमा-स्तराचे कोर्स: एएनएम २ वर्षांचं, जीएनएम ३ वर्षांचं. 'सहा महिन्यांत नर्स' असा फलक असेल, तर त्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही. आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून आलेल्या मुली मी अशा वर्गांत बसलेल्या पाहिल्या आहेत. तशा संस्थेत कितीही पगार दिला तरी जाऊ नका.

त्या डिसेंबरनंतर मी एका पानाचा मराठी कागद तयार केला. सीट कॅपची की संस्थास्तराची, या सीटवर सवलत मिळेल की नाही, वर्षाची एकूण फी किती, रद्द केल्यास किती परत, एवढंच. पालक वाचतात, सही करतात, एक प्रत घरी नेतात. पहिल्या वर्षी त्या कागदामुळे माझ्याच टेबलवरून चार जण उठून गेले, पुढच्या राउंडची वाट बघायला. त्यातले दोघे कॅपमधून आमच्याकडेच आले. वरच्यांनी मला बोलावून विचारलं, बाकीच्या दोघांचं काय? मी सांगितलं, त्यांना दुसरीकडे लागलं. कागद अजून चालू आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन्ही प्राधिकरणांचे तक्रारीसाठीचे पत्ते छापलेले आहेत.