डिस्कचा दोष काढा, फिल्मचा राहू द्या

माझे वडील टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्यांच्या आवडीचा एक जुना कृष्णधवल सिनेमा डीव्हीडीवर मिळाला, म्हणून मी हौसेनं घेऊन आलो. पाच मिनिटांत ते म्हणाले, "बंद कर रे, प्रिंट अशी नव्हती." खरंच होतं ते. चेहरे आडवे फुगलेले, कुणी हात हलवला की कडेला कंगव्यासारखे दात, आणि मधूनच जांभळी-हिरवी झाक. ती डिस्क बघण्यासारखी करायला मला तीन रविवार लागले. तुमच्या घरीही अशी डिस्क असेल तर ती कशी सुधारायची ते सांगतो.

कशाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवा. ओरखडे, धुळीचे ठिपके, चित्रातला बारीक दाणा हे सगळं फिल्मचं वय आहे. दात, फुगवटा आणि रंगाची झाक मात्र डिस्क बनवताना आलेली असते. आपण तेवढंच काढायचं.

डिस्क मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनंच जातो आणि ड्राइव्हला तेवढा भाग वाचणं जड जातं. मग मेकएमकेव्ही या प्रोग्रामनं अख्खा सिनेमा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ही प्रत तशीच ठेवा. पुढचं सगळं काम तिच्यावरून दुसरी फाइल बनवून करायचं.

आता व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस, म्हणजे दात लपवणारी सोय, बंद करा आणि हालचालीचा एखादा प्रसंग शोधून 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. माझ्या डिस्कवर नायिका तुळशीला पाणी घालून वळते, तिथे मी पदराच्या काठावर नजर ठेवली. तीन फ्रेम स्वच्छ, दोन दातेरी, परत तीन स्वच्छ. हा क्रम दिसला की निदान झालंच म्हणून समजा. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची, एनटीएससी (अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीची) डिस्क जवळपास 30 ची. ही तूट भरायला सम आणि विषम रेघांची अर्धी-अर्धी चित्रं आलटूनपालटून पुन्हा वापरलेली असतात. यावर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममधला 'डीटेलिसीन' हाच फिल्टर लावा, कारण तो त्या अर्ध्या चित्रांच्या मूळ जोड्या परत जुळवतो. 'डीइंटरलेस' लावलात तर चांगल्या रेघाही अंदाजानं नव्यानं काढल्या जातात आणि काठाची नक्षी पुसट होते. सेकंदाला 50 किंवा 60 वेगवेगळी अर्धी चित्रं टिपणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यावरचं चित्रण असेल, तरच तो कामाचा. आणि दात नसून एका फ्रेमवर दुसरीची सावली दिसत असेल, तर दोन फ्रेम एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ते हँडब्रेकनं सुटं करता येत नाही, नादी लागू नका.

फुगवट्यासाठी पडद्यावर एखादी गोल वस्तू शोधा. मला बैलगाडीचं चाक सापडलं. फूटपट्टी लावली तर रुंदी 12 सेंटीमीटर आणि उंची 9. म्हणजे 4:3 (रुंदी:उंची) चं चित्र 16:9 करून ताणलेलं. हँडब्रेकच्या डायमेन्शन्समध्ये चित्र 720 बाय 480 च राहू द्या, फक्त दाखवायची रुंदी 640 करा. पाल (भारत-युरोपच्या टीव्ही पद्धतीची) डिस्क असेल तर 576 उंचीला 768. चाक परत मोजून बघा.

रंगाची झाक काढणं सगळ्यात सोपं. उजेडाचे आणि रंगाचे सिग्नल एकाच तारेतून गेले की साडीच्या बारीक रेघाच रंग म्हणून वाचल्या जातात. कृष्णधवल सिनेमात रंगाचं कामच काय? 'ग्रेस्केल'वर खूण करा, झाक गेली.

डीनॉइजचा, म्हणजे दाणा पुसणाऱ्या फिल्टरचा, मोह आवरा. मी एकदा 'मीडियम' लावून पाहिलं, तर नऊवारीचं विणकाम गेलं आणि आजीच्या भूमिकेतल्या बाईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही गेल्या. तो चेहरा मला बघवेना, लगेच काढून टाकलं. व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची, कमी तपशिलाची डिस्क) असेल तर चित्रात दिसणारे चौकोन मऊ करायला हलका डीब्लॉक फिल्टर चालेल, पण 352 बाय 288 च्या चित्रातून नसलेला तपशील येणार नाही.

शेवटी हँडब्रेकमध्ये व्हिडिओ एन्कोडर एक्स264, क्वालिटी 18, ट्यून 'फिल्म', फ्रेमरेट 'सेम अॅज सोर्स' आणि व्हेरिएबल. आवाज आहे तसाच पुढे पाठवा. आधी तीस सेकंदांचा तुकडा करून बघा आणि मगच अख्खा सिनेमा लावा.

तपासायची एक खूण मला वडिलांनी दाखवली. रीळ संपत आलं की उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका येतो, दुसरं मशीन चालू करायचा इशारा म्हणून. तो साधारण चार फ्रेम टिकतो. आधी तो दातेरी आणि फाटका दिसत होता. नव्या फाइलवर 'ई' दाबत मी मोजलं, तर चार फ्रेम, चारही स्वच्छ. वडील शेजारी बसले होते. ठिपका दिसताच त्यांचा हात आपोआप पुढे गेला, केबिनमध्ये जायचा तसा.